वाचकांचे प्रश्न : कारखाना बंद करायचा अधिकार नक्की कुणाचा?

मागच्या अंकात ओढ्यातल्या काळ्या पाण्यावर अर्ध्या पानाचं टिपण दिलं होतं, त्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सअप मेसेज आले की या वेळी अख्खा कॉलम प्रदूषणाच्या कायद्यालाच दिलाय. बहुतेकांचा सूर एकच, "या प्रदूषण बोर्डाला काही अधिकार आहेत की नाही?" नावं छापत नाही, कारण निम्म्या लोकांनी तशी विनंती केलीय आणि उरलेल्यांच्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात.

प्रश्न : आमचं शेत ओढ्याला लागून आहे, वरच्या अंगाला एमआयडीसी. रात्री अकरानंतर ओढ्याला काळपट फेसाळ पाणी येतं, सकाळपर्यंत निवळतं. ग्रामपंचायत, तहसीलदार, प्रदूषण बोर्ड सगळीकडे अर्ज दिले. बोर्ड फक्त नोटीस काढतं असं सगळे म्हणतात. बोर्डाला कारखाना बंद करायचा अधिकारच नाही का? – एक शेतकरी, कोल्हापूर जिल्हा

दादा, अधिकार आहे आणि चांगला दांडगा आहे. १९७४ चा जल कायदा, म्हणजे पाणी प्रदूषण प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा, त्याच्या कलम ३३-ए खाली बोर्ड लेखी आदेश काढून कारखाना बंद करू शकतं, आणि नुसतं बंद करा म्हणून थांबत नाही, त्याची वीज तोडा, पाणी तोडा असं थेट महावितरणला आणि एमआयडीसीला कळवू शकतं. हे कलम मूळ कायद्यात नव्हतं, १९८८ च्या दुरुस्तीत आलं. त्याआधी बोर्डाला कोर्टात जाऊन मनाई हुकूम मागायला लागायचा, म्हणजे पाणी वाहतंय आज आणि तारीख पुढच्या महिन्यातली. आता कोर्टाची वाट बघायची गरज नाही, बोर्डाच्या सहीवर काम होतं.

मग नोटीसच का काढतात? कारण नियमच तसा आहे. बंद करायच्या आधी "आम्ही असा आदेश काढणार आहोत, तुमचं काय म्हणणं" हे विचारावं लागतं आणि त्यासाठी साधारण १५ दिवस द्यावे लागतात. पर्यावरणाला गंभीर इजा होतेय असं वाटलं तर ही मुदत न देताही आदेश काढता येतो, पण का नाही दिली याची कारणं फाईलवर लेखी लागतात. कारखानदाराचा वकील पहिल्यांदा काय शोधतो तर हेच, नोटीस दिली होती का, सॅम्पल नियमात घेतलं होतं का, ऐकून घेतलं का, आणि यातलं एक जरी राहिलं तरी आदेशाला स्टे मिळतो आणि कारखाना पुढच्या आठवड्यात पुन्हा सुरू. त्यामुळे नोटिशीला नावं ठेवू नका, नोटिशीनंतर काय झालं ते विचारा. माझा राग नोटिशीवर नाहीच, तीन-तीन नोटिसा एकाच मजकुराच्या फाईलला लावून ठेवतात आणि चौथा कागद निघतच नाही, त्यावर आहे.

आता तुमच्या हातात काय आहे ते सांगतो, कारण तुम्ही पाठवलेला बाटलीचा फोटो बघितला. ते बाटलीतलं पाणी कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. कलम २१ मध्ये सॅम्पलची पद्धत ठरलेली आहे, अधिकाऱ्यानं कारखान्याच्या माणसाला तिथल्या तिथे नोटीस द्यायची, त्याच्यासमोर नमुना घ्यायचा, मागितलं तर दोन भाग करायचे, दोन्ही डब्यांना सील, दोघांच्या सह्या, मग लॅब. पीएच तिथंच बघतात, बाकी बर्फाच्या पेटीतून जातं. बीओडीची, म्हणजे पाण्यातली घाण जिवाणूंनी कुजवताना किती ऑक्सिजन लागतो त्याची टेस्टच तीन दिवसांची आहे, २७ डिग्रीला ठेवून, म्हणून उद्या सकाळी रिपोर्ट द्या म्हणून बोर्डाच्या ऑफिसात बसून राहण्यात अर्थ नाही. नदी-ओढ्यात सोडायच्या पाण्याला सर्वसाधारण मर्यादा बीओडी ३०, सीओडी (तीच घाण रसायनांनी जाळायला लागणारा ऑक्सिजन) २५०, पीएच ५.५ ते ९ अशा आहेत, आधीचे दोन आकडे लिटरला मिलिग्रॅममध्ये, आणि तुमच्या वरच्या कारखान्याला बोर्डानं दिलेल्या संमतीपत्रात याहून कडक आकडे असू शकतात.

पण तुमचं पाणी येतं रात्री अकराला आणि क्षेत्र अधिकारी येतो दुपारी बाराला, गोची इथंच आहे. म्हणून तुमची बाटली, वेळ दिसणारा व्हिडिओ, मेलेल्या माशांचे फोटो हे पुरावा नसले तरी तक्रारीचा पाया आहेत. तक्रारीत "रोज प्रदूषण होतं" असं मोघम लिहू नका. कुठल्या तारखेला, किती वाजता, कुठल्या नाल्याच्या तोंडाशी, हे लिहा आणि रात्रीची संयुक्त पाहणी मागा. पंच म्हणून तुम्ही उभे राहा. पहिल्या मोठ्या पावसाच्या दिवशी डोळ्यात तेल घालून बसा, कारण टाकी रिकामी करायला त्याच दिवसाची वाट बघणारे महाभाग सगळ्याच एमआयडीसीत असतात.

आणि एक गोष्ट जी कुणी सांगत नाही. कलम २५ मध्येच लिहिलंय की कुठल्या कारखान्याला काय अटींवर सांडपाणी सोडायची संमती दिली याचं रजिस्टर बोर्डानं ठेवायचं आणि ज्याला त्याची झळ लागते त्याला ते कामाच्या वेळेत बघता आलं पाहिजे. तुम्हाला झळ लागते. उपप्रादेशिक कार्यालयात जा, या लाइनीतल्या कारखान्यांची संमतीपत्रं दाखवा म्हणा. संमतीपत्रात लिहिलेलं असतं रोज किती घनमीटर सांडपाणी, कुठं सोडायचं, ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेत, काय काय पाहिजे. एखाद्याला "झिरो डिस्चार्ज" म्हणजे बाहेर थेंबही सोडायचा नाही अशी अट असेल तर तुमचं काम सोपं झालं, मग बीओडी-सीओडीची भानगडच नाही, पाइप बाहेर आलेला दिसला की अट मोडली.

बोर्ड ढिम्म राहिलं तर कलम ४९ आहे. बोर्डाला ६० दिवसांची नोटीस द्या की मी स्वतः कोर्टात तक्रार करणार आहे, ६० दिवस झाले की करू शकता, आणि मग बोर्डाला त्यांच्याकडचे रिपोर्ट तुम्हाला मागितल्यावर द्यावे लागतात. माझा अनुभव असा की ती नोटीस रजिस्टर पोस्टानं गेली की फाईल हलते.

प्रश्न : आमचं पावडर कोटिंगचं छोटं युनिट आहे, सेव्हन टँक प्रोसेस, म्हणजे रंग देण्याआधी धातू सात टाक्यांतून धुवून काढायचा. मागच्या महिन्यात बोर्डाचे अधिकारी काही न कळवता आले, आत फिरले, सॅम्पल घेतलं आणि सही करा म्हणाले. असं न सांगता येता येतं का? सही करायला नको होती का? संमतीच्या रिन्यूअलचा अर्ज तर चार महिन्यांपूर्वीच भरलाय. – एक उद्योजक, पिंपरी-चिंचवड

दुसरी बाजू पण ऐकायला पाहिजे, म्हणून हे पत्र मुद्दाम घेतलं. हो, येता येतं. जल कायद्याचं कलम २३, हवा कायद्याचं २४ आणि पर्यावरण संरक्षण कायद्याचं १०, तिन्हीकडे वाजवी वेळी आत यायचा अधिकार आहे. आधी कळवायची अट नाही आणि नसलीच पाहिजे, कळवून येणार असतील तर मग कशाला यायचं. अडवलं तर तो वेगळा गुन्हा, म्हणून गेटवरच्या वॉचमनला नीट सांगून ठेवा. उगाच "साहेब नाहीत, उद्या या" म्हणून त्यानं अडवलं तर ते पंचनाम्यात तुमच्या नावावर लागतं.

सही करा. सही म्हणजे गुन्हा कबूल नव्हे, सॅम्पल तुमच्यासमोर घेतलं एवढंच. मात्र सही करताना दोन गोष्टी विसरायच्या नाहीत. एक, नमुन्याचे दोन भाग करा असं तिथल्या तिथे म्हणा आणि कागदावर लिहा. दुसरा भाग राज्याच्या मान्य लॅबला पाठवायची मागणी तुम्ही करू शकता आणि दोन रिपोर्टमध्ये फरक आला तर त्या लॅबचा रिपोर्ट धरतात. आपल्याकडे ही मागणी फार कमी जण करतात आणि नंतर लॅबला शिव्या देत बसतात. दोन, सॅम्पल कुठून घेतलं ते लिहून घ्या. ईटीपीच्या आउटलेटमधून घेतलं की फॉस्फेटिंगनंतरच्या रिन्स टँकमधून, म्हणजे धुण्याच्या टाकीतून घेतलं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. रिन्स टँकचं पाणी ट्रीट व्हायच्या आधीचं आहे, त्यात झिंक, फॉस्फेट, ॲसिडिक पीएच हे सगळं असणारच. असं चुकीच्या जागेचं सॅम्पल असेल तर नोटिशीला उत्तर देताना पहिला मुद्दा तोच घ्या.

रिन्यूअलचं म्हणाल तर जल कायद्यात एक गंमत आहे, कलम २५ म्हणतं की पूर्ण अर्ज दिल्यावर चार महिन्यांत बोर्डानं हो पण नाही म्हटलं आणि नाही पण नाही म्हटलं तर संमती मिळाली असं धरायचं. हे वाचून खूश होऊन कुणी युनिट चालवत असेल तर जरा दमानं घ्या. हवा कायद्यात अशी मानीव संमती नाहीय, तुमच्या बेकिंग ओव्हनच्या चिमणीला ती लागतेच, आणि चार महिन्यांच्या आत ऑनलाइन पोर्टलवर बोर्डानं "क्वेरी" टाकलेली असेल तर अर्ज पूर्ण होता का यावरच वाद होतो. आज लॉगिन करून बघा, क्वेरी पडून असेल तर आजच उत्तर द्या. तुमच्या कन्सल्टंटच्या ईमेलवर जाऊन पडलेली असते, तुम्हाला पत्ताच नसतो, हे मी किती ठिकाणी बघितलंय.

आदेश विरोधात गेलाच तर थेट हायकोर्टात धावू नका. संमती नाकारली किंवा अट जाचक घातली तर ३० दिवसांत राज्याच्या अपील प्राधिकरणाकडे, आणि पर्यावरण संरक्षण कायद्याच्या कलम ५ खालचा आदेश असेल तर ३० दिवसांत एनजीटीकडे, म्हणजे राष्ट्रीय हरित लवादाकडे. तारीख चुकवली की वकिलाचं बिल वाढतं.

प्रश्न : सोसायटीमागच्या मैदानावर रात्री बारापर्यंत डीजे. पोलिस म्हणतात प्रदूषण बोर्डाकडे जा, बोर्ड म्हणतं पोलिसांकडे जा. अधिकार कुणाचा? – एक आजोबा, ठाणे

काका, पोलिसांचा. ध्वनिप्रदूषण नियम २००० मध्ये "प्राधिकारी" कोण ते लिहिलेलं आहे, जिल्हाधिकारी, पोलिस आयुक्त किंवा डीवायएसपीच्या खालच्या दर्जाचा नसलेला अधिकारी. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, आणि रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. वर्षातले १५ दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, कुठले १५ ते जिल्हाधिकारी जाहीर करतात, ती यादी आधी बघून घ्या नाहीतर नवरात्रात फोन करून हसं व्हायचं. मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांना टप्पे सांगितलेत, आधी समज, मग दंड, मग साहित्य जप्त आणि परवाना रद्द करायची कारवाई, आणि मुख्य म्हणजे तक्रारदाराचं नाव समोरच्याला सांगायचं नाही. तुमच्या पत्रात भीती तीच दिसतेय, म्हणून ११२ वर फोन करताना हे ठणकावून सांगा की माझं नाव उघड करायचं नाही.

प्रश्न : पाणी हा तर राज्याचा विषय, मग दिल्लीतून एक नोटिफिकेशन काढून आमच्या कोकणातलं घर बेकायदा कसं काय ठरवता येतं? ग्रामपंचायतीनं परवानगी दिलीय. – रत्नागिरीहून एक वाचक

हा प्रश्न मला सगळ्यात आवडला आणि उत्तर थोडं लांबणार आहे.

पाणी राज्याचा विषय हे बरोबर. म्हणूनच १९७४ चा जल कायदा करताना संसदेला घटनेच्या कलम २५२ चा आधार घ्यावा लागला, म्हणजे आधी काही राज्यांनी ठराव करून तुम्ही कायदा करा म्हणायचं आणि बाकीच्यांनी मागाहून स्वीकारायचा. महाराष्ट्राकडे तर स्वतःचा १९६९ चा कायदा होता, आपलं बोर्ड ७ सप्टेंबर १९७० चं आहे, केंद्राच्या कायद्याहून थोरलं. केंद्राचा कायदा आपण १९८१ मध्ये स्वीकारला.

मग आलं भोपाळ. २-३ डिसेंबर १९८४ ची रात्र. वर्षभरानं दिल्लीत श्रीराम कारखान्यात ओलियम वायूची गळती. तेव्हा लक्षात आलं की पाण्याचा कायदा आहे, हवेचा कायदा १९८१ मध्ये झालाय, पण धोकादायक रसायनं, वायुगळती, किनारा, घातक कचरा हे कुणाच्याच ताटात नाही. म्हणून १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, १९ नोव्हेंबर १९८६ पासून लागू. या वेळी संसदेनं राज्यांच्या ठरावांची वाट बघितली नाही. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेत भारतानं जे मान्य केलं होतं त्याची अंमलबजावणी म्हणून कायदा केला, आणि आंतरराष्ट्रीय कराराची अंमलबजावणी करायची असेल तर कलम २५३ खाली संसद राज्याच्या विषयातही शिरू शकते.

या कायद्यात फक्त २६ कलमं आहेत. पण त्यातलं कलम ३ म्हणजे जवळपास कोरा चेक आहे, केंद्र सरकारला पर्यावरण राखायला "आवश्यक वाटेल" ते सगळं करता येईल, मर्यादा ठरवा, उद्योग कुठं असावा-नसावा ते ठरवा, नवीन प्राधिकरण उभं करा. आणि कलम ५ म्हणजे आदेश द्या, बंद करा, वीज-पाणी तोडा. तुमच्या घराला नडलेलं सीआरझेड (किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणारे नियम), मोठ्या प्रकल्पांना लागणारी २००६ ची पर्यावरण मंजुरी, कचऱ्याचे, बॅटरीचे, प्लास्टिकचे नियम, हे सगळे संसदेत मतदान होऊन पास झालेले वेगळे कायदे नाहीत, याच एका कायद्याखाली मंत्रालयानं काढलेले कागद आहेत. सीआरझेडचं पहिलं नोटिफिकेशन १९९१ चं, मग २०११, मग २०१९. म्हणून तर मंत्रालयाला ते बदलताही पटकन येतं, आणि हे मला स्वतःला फारसं रुचत नाही. ज्या सहीनं किनारा वाचतो त्याच सहीनं उद्या सूट मिळते.

ग्रामपंचायतीच्या परवानगीचं बोलायचं तर केरळात कोचीजवळच्या मरडूचं उदाहरण डोळ्यासमोर ठेवा. तिथल्या टॉवरना पंचायतीनंच परवानगी दिलेली होती. सीआरझेडची मंजुरी नव्हती. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये पाडायचा आदेश दिला आणि ११ व १२ जानेवारी २०२० ला तिथली चारही गृहसंकुलं सुरुंग लावून पाडली, त्याआधी लोकं राहत होती त्यात. पंचायत तिच्या कायद्याखाली बांधकामाची परवानगी देते, किनाऱ्याची परवानगी देणं तिच्या हातातच नाही.

तुमच्या घराचं सांगायचं तर आधी बघा की भरतीरेषेपासून किती मीटर. ग्रामीण भागात २०१९ च्या नियमात दाट वस्तीच्या गावांना, म्हणजे २०११ च्या जनगणनेत चौरस किलोमीटरला २१६१ च्या वर माणसं असतील तर, ५० मीटरपर्यंत ना-विकास पट्टा, बाकीच्यांना २०० मीटर. मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावर तुमचा सर्व्हे नंबर कुठल्या रंगात येतो ते मान्यताप्राप्त संस्थेकडून लिहून घ्या. घर १९९१ च्या आधीचं असेल तर त्या काळची घरपट्टीची पावती शोधा, सातबाऱ्यापेक्षा ती जास्त कामाला येते. आधी बांधून मग परवानगी मागायच्या भानगडीत तर पडूच नका. मोठ्या प्रकल्पांना अशी मागाहून मंजुरी द्यायची की नाही यावर सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये साफ नाही म्हटलं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये दोन विरुद्ध एक मतानं तोच निकाल मागे घेतला. न्यायमूर्तींचंच जिथं जमेना तिथं आपण त्या भरवशावर स्लॅब टाकू नये.

प्रश्न : पेपरात वाचलं की आता प्रदूषण करणाऱ्याला जेल नाही, फक्त दंड. म्हणजे पैसे भरा आणि घाण करा? – पुण्याहून एक प्राध्यापिका

ताई, अर्धं खरं. जनविश्वास कायदा २०२३, पर्यावरणापुरता १ एप्रिल २०२४ पासून लागू. आधी पर्यावरण संरक्षण कायदा मोडला तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होता. आता कैद काढून १० हजार ते १५ लाख रुपये दंड, आणि तो कोर्ट नाही, सरकारनं नेमलेला, केंद्रातल्या सहसचिव किंवा राज्यातल्या सचिव दर्जाचा न्यायनिर्णय अधिकारी लावतो. दंडच भरला नाही तर मात्र तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

वाईट वाटलं ना? मलाही वाटलं, पण खरं सांगायचं तर त्या पाच वर्षांच्या कैदेत गेलेला कारखानदार तुमच्या ओळखीत किंवा माझ्या ओळखीत एक तरी आहे का? फौजदारी केस म्हणजे साक्षीदार, पंच, सॅम्पलची साखळी, बदली झालेला अधिकारी, दहा वर्षं. दंड निदान लागू तरी होईल असा सरकारचा हिशोब आहे. मला खटकतं ते दुसरंच, १५ लाख ही रक्कम छोट्या प्लेटिंगवाल्याला संपवेल आणि मोठ्या केमिकलवाल्याच्या ऑडिटरला दिसणारही नाही.

पण दंडाबरोबर भरपाई नावाची वेगळी गोष्ट आहे, त्या दोन्हीची सरमिसळ होते. दंड शिक्षा म्हणून असतो, भरपाई म्हणजे जे नासवलं ते दुरुस्त करायचा खर्च. केंद्रीय बोर्डाचं एक सूत्र आहे, प्रदूषण निर्देशांक गुणिले दिवस गुणिले एक रुपयातला घटक गुणिले उद्योगाचा आकार गुणिले गावाच्या लोकसंख्येचा घटक. करून बघा, रेड कॅटेगरीचा, म्हणजे सगळ्यात प्रदूषणकारी गटाचा निर्देशांक ८०, रुपयाचा घटक २५० धरतात, छोट्या उद्योगाला ०.५, छोट्या गावाला १. झाले दिवसाला १० हजार, महिन्याचे तीन लाख. मोठा उद्योग असेल तर ०.५ च्या जागी १.५, म्हणजे महिन्याचे नऊ लाख. किमान दिवसाला पाच हजार. यात दिवस किती धरायचे यावरच खरी मारामारी असते, बोर्ड म्हणतं सॅम्पल फेल झाल्यापासून पुन्हा पास होईपर्यंत, कारखानदार म्हणतो फक्त त्या एका दिवसाचं.

बोर्डांना अशी भरपाई लावायचा अधिकार आहे का यावर बरीच वर्षं वाद होता. दिल्ली उच्च न्यायालयानं नाही म्हटलं होतं, ४ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं ते फिरवलं, जल कायद्याच्या ३३-ए आणि हवा कायद्याच्या ३१-ए मध्ये हा अधिकार बसतो, पण आधी त्याची पद्धत नियमात लिहा आणि समोरच्याला ऐकून घ्या असं बजावून. ऐकून घेण्याला किती वजन आहे ते नोव्हेंबर २०२४ च्या एका निकालात दिसतं. महाराष्ट्रातल्याच एका केमिकल कंपनीला एनजीटीनं तिच्या उलाढालीवरून २५ कोटी लावले होते, सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केले. उलाढाल आणि प्रदूषणाचा संबंध काय हा एक मुद्दा, आणि कंपनीला नोटीसच नव्हती हा दुसरा. वरच्या कोल्हापूरच्या दादांना नोटिशीचं एवढं का सांगितलं ते आता कळेल.

प्रश्न : एनजीटीत सामान्य माणूस जाऊ शकतो का? खर्च? – सोलापूर

जाऊ शकतो, स्वतः उभा राहूनही. पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यातच आहे. भरपाई मागायची नसेल तर अर्जाची फी एक हजार रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही नाही. पण मुदत कडक आहे, वादाचं कारण घडल्यापासून सहा महिने, फार तर वर ६० दिवस माफ होतात. भरपाई मागायची असेल तर पाच वर्षं. आणि हे लक्षात घ्या की तिथं फक्त सात ठराविक कायद्यांखालचे वाद चालतात, पाणी, पाणी उपकर (हा कायदा २०१७ मध्ये रद्द झाला), वन संवर्धन, हवा, पर्यावरण संरक्षण, सार्वजनिक दायित्व विमा आणि जैवविविधता. वाघ-बिबट्याचा वन्यजीव कायदा त्यात नाही, शहरातल्या झाडांचा राज्याचा कायदाही नाही. सोसायटीतलं गुलमोहर तोडलं म्हणून एनजीटीत जाऊ नका, महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे जा.

प्रश्न : भाजीच्या दुकानात एक जण आला, पातळ पिशव्या बघितल्या आणि पाच हजार मागितले. वर्दी नाही, ओळखपत्र नाही. द्यायचे का? – नाशिक

पिशव्या पातळ होत्या ना? मग चूक तुमची आहे. देशभरात १२० मायक्रॉनच्या खालच्या पिशव्या ३१ डिसेंबर २०२२ पासून बंद आहेत आणि महाराष्ट्राची २०१८ ची बंदी त्याहून कडक. पहिल्या वेळेला पाच हजार, दुसऱ्यांदा दहा, तिसऱ्यांदा पंचवीस हजार आणि तीन महिने कैद, हे आकडे खरेच आहेत. पण ओळखपत्र आणि छापील पावती दोन्ही बघितल्याशिवाय रुपया काढायचा नाही. खरा महापालिकेचा माणूस माल जप्त करतो, पंचनामा करतो, पावती फाडतो. "तीन हजारात मिटवू" म्हणाला की समजा तो त्याच्या स्वतःच्या खिशासाठी फिरतोय, वॉर्ड ऑफिसला फोन लावा त्याच्यासमोरच.